वैजयंतीताईंच्या नावापुढची खूण

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या अलीकडे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नकाशांचं एक खासगी ऑफिस आहे. कालवे, पाइपलाइनी, गावरस्ते यांची मोजणी करून त्यांचे नकाशे तिथे तयार होतात. त्या ऑफिसातले कॉम्प्युटर, तारा आणि कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतला सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणजे युवराज. वय बेचाळीस, मूळचा नातेपुत्याचा. वडिलांचं तिथे पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडण्याआधी ते अर्धा तास गिऱ्हाइकाशी नुसतं बोलत बसायचे. युवराजला लहानपणी याचा कंटाळा यायचा. त्याला वाटायचं, बोलायचं काय त्यात, उघडा आणि बघा.

ऑफिसात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. प्रत्येक तारेला त्याने चिठ्ठी लावलेली, प्रत्येक मशीनची नोंद ठेवलेली. काम झालं की यादीतल्या नावापुढे निळ्या पेनानं बरोबरची खूण करायची आणि मगच डबा उघडायचा. "युवराजनं टिक केलंय म्हणजे ते झालंय," असं मालक प्रभुलिंगअण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. युवराज मान खाली घालून हसे, पण ते ऐकायला त्याला आवडत असे.

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास उत्कर्षाचा फोन आला. उत्कर्षा ऑफिसातली नकाशे काढणारी मुलगी, बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. माहेर माढा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. बाळ तीन महिन्यांचं झालं, तशी अण्णांनी तिला घरून काम करायला परवानगी दिली होती आणि कपाटात पडून असलेला एक लॅपटॉप युवराजने तिच्या भावाबरोबर पाठवून दिला होता.

"सर, एक फाईल उघडायला बारा मिनिटं लागतायत. ऑफिसात हीच फाईल मी चहाचा घोट घेईपर्यंत उघडायची."

"गावचं नेट आहे, उत्कर्षा. होणारच तसं."

"नेटचं नाव सांगू नका सर. माझा भाऊ इथंच, याच नेटवर, दिवसभर व्हिडिओ बघत असतो. कुठं अडकत नाही."

"मग तू जरा—"

"मी जरा काय? मी हळू काम करते असं लोक म्हणायच्या आधी तुम्ही हे बघा. मी अजून बारा मिनिटं थांबायला तयार आहे. पण तुम्ही माझ्याबरोबर थांबायचं."

असं त्याच्याशी कुणी बोलत नसे. तो जरा चिडलाच. पण उत्कर्षा ऐकणारी नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या मशीनवरून तिची स्क्रीन समोर घेतली. घरून काम करणारी माणसं ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत व्हीपीएनने येत. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेली एक बंद वाट. घरचा कॉम्प्युटर त्या वाटेने ऑफिसच्या फायलींपर्यंत पोहोचतो आणि बाहेरच्याला आत डोकावता येत नाही. ही वाट युवराजनेच बांधली होती. एकवीस साली, टाळेबंदीच्या दिवसांत, जेवणखाण सोडून.

त्याने आधी नेटचा वेग मोजला. उत्तम होता. "बघ," तो म्हणणार होता, "लाइन ठीक आहे." पण उत्कर्षा गप्प बसली होती, मागे बाळ कुरकुरत होतं, आणि स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरतच होतं. पाच मिनिटं झाली, सात झाली. स्वतः समोर बसून त्याने ते चक्र इतका वेळ कधीच पाहिलं नव्हतं. आठव्या मिनिटाला त्याला राहवेना. त्याने एक साधी आज्ञा दिली. लॅपटॉपवरून निघालेला निरोप ऑफिसला पोहोचताना वाटेत कुठे कुठे थांबतो, ते बघायची.

पहिलाच थांबा अमेरिकेत होता.

युवराजने पत्ता पुन्हा वाचला. माढा तालुक्यातल्या घरातून सात रस्त्यावरच्या ऑफिसात यायला निघालेला निरोप आधी समुद्रापार अमेरिकेत जात होता आणि तिथून उलटा सोलापूरला येत होता. उत्तरही त्याच वाटेने, पुन्हा अमेरिकेला वळसा घालून परत. एका खेपेला अर्धा सेकंद. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण नकाशाची फाईल एका घासात येत नाही. कॉम्प्युटर एक तुकडा मागतो, तो आला की पुढचा मागतो, मग त्याच्या पुढचा. एका मोठ्या नकाशाला असे चौदाशे तुकडे. दर तुकड्याला अमेरिकेची खेप.

आणि नेटचा वेग मोजणारी चाचणी या वाटेने जातच नव्हती. ती बाहेरच्या बाहेर सरळ जायची आणि सगळं उत्तम आहे म्हणून सांगायची.

"सर? आहात ना?"

"आहे. एक मिनिट."

त्याने लॅपटॉपमधली व्हीपीएनची सेटिंग उघडली. वर नाव होतं: वैजयंती-टेस्ट. खाली तारीख, एप्रिल २०२१. बनवणाऱ्याच्या जागी त्याचं स्वतःचं नाव.

ते नाव त्याने दोनदा वाचलं.

अमेरिकेचा पत्ता काढून थेट ऑफिसचा घालायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. "आता उघड," तो म्हणाला. फाईल अडतीस सेकंदांत उघडली. उत्कर्षा पलीकडून आनंदाने ओरडली, दचकून बाळ रडायला लागलं, ती हसत हसत काहीतरी बोलत होती. युवराजला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

हा लॅपटॉप वैजयंतीताईंचा होता.

वैजयंतीताई या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात चलाख ड्राफ्ट्सवुमन. राहायला होटगीला, नवरा रेल्वेत. सतरा वर्षं त्यांनी नकाशे काढले. जमिनीचा उतार नुसता आकड्यांवरून त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहायचा. टाळेबंदीत सगळे घरून काम करायला लागले, ते बाकीचे वर्षभराने परत आले. वैजयंतीताईंच्या सासूबाई टाळेबंदीतच पडल्या, त्यांच्या मांडीचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या, म्हणून ताईंनी घरूनच काम चालू ठेवलं. तिथून त्यांचं काम हळूहळू निम्म्यावर आलं. दिलेल्या तारखा चुकायला लागल्या. तेवीसच्या जूनमध्ये त्यांनी नोकरी सोडली. सोडली म्हणायचं, पण अण्णांनी समोर बसवून सांगितल्यावर सोडली. निरोपाच्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आता डोकं पहिल्यासारखं चालत नाही माझं." युवराज तेव्हा तिथेच, समोसा खात उभा होता.

त्याने काचेच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि एकवीस सालची वही काढली. सगळं लख्ख लिहिलेलं होतं. ऑफिसात हवी तशी लाइन यायला आठवडा लागणार होता. तोवर चाचणी म्हणून त्याने परदेशातलं एक फुकट मिळणारं मशीन मध्ये घातलं होतं आणि ते एकट्या वैजयंतीताईंच्या लॅपटॉपवर तपासलं होतं, कारण तक्रार न करता चाचणीला बसणारी माणसं म्हणजे त्याच. आठवड्याने लाइन आली. त्याने बारा जणांची यादी केली आणि एकेकाला फोन करून सरळ वाट जोडून दिली. त्या दिवशी वैजयंतीताईंनी फोन उचलला नव्हता. आठवलं त्याला. सासूबाई त्याच दिवशी पडल्या होत्या, ताई दवाखान्यात होत्या. उद्या करू, असं म्हणून तो पुढच्या नावावर गेला होता.

यादीत बारा नावं होती. बाराही नावांपुढे खूण होती. वैजयंतीताईंच्या नावापुढेही. निळ्या शाईतली, जरा तिरकी, घाईत केलेली.

त्याने वही मिटली. मग त्याने कॉम्प्युटरवर जुन्या तक्रारी शोधल्या. वैजयंतीताईंच्या चौदा निघाल्या. पहिलीत लिहिलं होतं, फाईल उघडायला फार वेळ लागतो, कृपया बघावे. चौदांनाही उत्तर त्याचंच: "वेग तपासला. लाइन व्यवस्थित. अडचण वापरणाऱ्याच्या बाजूने." शेवटची तक्रार तक्रारीसारखी नव्हतीच. "युवराजभाऊ, लाइन ठीक आहे म्हणता तर माझंच काहीतरी चुकत असणार. राहू द्या."

जेवायच्या सुट्टीत तो अण्णांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अण्णांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"याच खुर्चीत बसून मी तिला बोललोय, युवराज," ते म्हणाले. "तुमच्याच्यानं होत नाही आता, असं तोंडावर बोललोय."

"मी सांगायला चाललोय त्यांना."

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांचा आवाज बदलला. "सांगून काय होणार आता? दोन वर्षं होऊन गेली. ती विसरली असेल. उगाच खपली काढायची कशाला? उत्कर्षाचं झालं ना नीट, मग विषय संपला."

"अण्णा, त्यांना अजून वाटतंय की त्या कमी पडल्या."

"तुला काय माहीत त्यांना काय वाटतंय?"

युवराजला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांत त्याने त्यांना एक फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी काढून होटगीला गेला. ताईंच्या जुन्या सेटिंगची नक्कल त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली होती. ऑफिसपासून त्यांचं घर पंधरा-सोळा किलोमीटर. गाडीला अर्धा तासही लागला नाही, आणि हे लक्षात आलं तसा तो फाटकाबाहेर गाडी बंद करून नुसताच बसून राहिला.

पुढच्या खोलीत खाटेवर सासूबाई पडल्या होत्या. शिवबाई त्यांचं नाव.

"कोन हाय?"

"मी युवराज. ताईंच्या ऑफिसातला."

"हापीस सुटलं की तिचं. लई हुशार हुती वो माजी सून. आता इसरती. डोक्याचा फोटू बी काडून आनला, डागदर म्हनला काय न्हाय. पर काय न्हाय कसं? आसंल कायतरी."

आतून वैजयंतीताई आल्या. हात पिठाने भरलेले. कडक भाकरीच्या ऑर्डरी घेत होत्या, हे त्याला तेव्हा कळलं. मागच्या चुलीजवळ भाकरीची चवड रचलेली दिसत होती. त्याला बघून त्या गोंधळल्या.

"युवराजभाऊ? काय झालं? माझ्याकडं काही राहिलंय का ऑफिसचं?"

"नाही ताई. माझ्याकडं राहिलंय."

त्याने सांगायला सुरुवात केली, आणि रस्त्याने ठरवून आणलेलं सगळं विसरला. अमेरिका, वाट, चौदाशे तुकडे, यादी, सगळं उलटसुलट आलं. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"म्हणजे?" त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हणजे तुमची काही चूक नव्हती. फाईल उशिरा यायची ती माझ्यामुळं."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं दोन महिने. तुम्ही सोडेपर्यंत."

त्यांनी हात पदराला पुसले. "दाखवा," त्या म्हणाल्या.

घरात नेट होतं, तेव्हाचंच. त्याने जुन्या वाटेने त्यांचाच शेवटचा नकाशा उघडायला लावला. चक्र फिरायला लागलं. वैजयंतीताई स्टुलावर बसून त्या चक्राकडे बघत राहिल्या. पाच-सहा मिनिटांनी त्या पुटपुटल्या, "आता अर्ध्यावर येऊन थांबेल." ते थांबलं. "मग पांढरं होईल." ते पांढरं झालं. हे सगळं त्यांना पाठ होतं.

"हे फिरत असायचं," त्या स्क्रीनवरची नजर न काढता बोलायला लागल्या, "तोवर मी खाटेवर आत्यांना पाणी द्यायला उठायचे. कुकर लावायचे. परत येऊन बसले की नकाशा समोर उघडलेला असायचा आणि मला आठवायचंच नाही, हा उघडला कशासाठी. कुठली रेघ बदलायची होती. मग कागद बघायचे, दुसरी फाईल उघडायची, ती परत बारा मिनिटं. बाकीच्यांना विचारलं तर म्हणायचे, आमचं लगेच उघडतं. आणि तुम्ही म्हणायचा लाइन ठीक. मग मला वाटायला लागलं, मी मध्येच झोपत असेन. मला वेळेचं भान राहत नसेल. एका वहीत लिहायला लागले, दहा वाजून बारा मिनिटांनी उघडली, दहा चोवीसला आली. नवऱ्याला दाखवली. त्यांना वाटलं, बायको घड्याळाच्या वेळा लिहीत बसते, हिचं काहीतरी बिघडलंय. डॉक्टरकडं नेलं. गोळ्या चालू केल्या. आता गॅस बंद केला की नाही ते मी तीनदा बघते. भाकरी मोजताना लेकीला शेजारी बसवते. स्वतःच्या मोजण्यावर विश्वास नाही माझा."

फाईल उघडली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. युवराजने ती बंद केली आणि नव्या वाटेने पुन्हा उघडली. चक्र फिरलं, थांबलं, आणि अख्खा नकाशा समोर आला. छत्तीस सेकंद.

वैजयंतीताईंनी तोंडावर हात ठेवला. पिठाचे पांढरे डाग गालावर उमटले. "परत," त्या म्हणाल्या. त्याने परत केलं. "परत." चार वेळा त्यांनी तेच करायला लावलं. चौथ्या वेळी त्या ताडकन उठल्या आणि आत गेल्या. शिवबाई खाटेवरून विचारत राहिल्या, "काय झालं गं? आगं, काय झालं?"

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता आणि डोळे लाल. आवाज मात्र इतका मोठा की युवराज नकळत मागे सरकला.

"पंधरा किलोमीटर! तुम्ही एकदा तरी यायचं होतं की! चौदा वेळा लिहिलं मी. चौदा! एकदा या घरात येऊन माझ्या शेजारी पंधरा मिनिटं बसला असता, तर माझं डोकं फिरलंय असं मी मान्य केलं नसतं. मी मान्य केलं हो ते! त्याचंच मला सगळ्यात—"

"चुकलं माझं," युवराज म्हणाला.

"ते कागदावर लिहून द्या. माझ्या कामात खोट नव्हती, हे लिहा. तुमची सही आणि अण्णांचीही. आणि ते ऑफिसात सगळ्यांसमोर वाचा. त्या दिवशी सगळे होते ना माझ्या निरोपाला? तेवढे सगळे पाहिजेत."

त्याने तिथेच बसून लिहून दिलं. अण्णांची सही मिळायला दोन दिवस लागले. ते आधी चिडले, युवराजवर ओरडले, मग दिवसभर केबिनबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कागद युवराजने वाचला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. संध्याकाळी अण्णा कागद घेऊन होटगीला गेले आणि कामावर परत या म्हणाले. वैजयंतीताईंनी कागद घेतला, घडी न घालता ट्रंकेत ठेवला आणि परत यायला नकार दिला. "तिथं आता माझं मन बसणार नाही, अण्णा," एवढंच म्हणाल्या. गोळ्या त्यांनी डॉक्टरांना विचारून महिन्याभरात बंद केल्या.

दिवाळीनंतर उत्कर्षा बाळाला घेऊन सोलापुरात परतली, ऑफिसात यायला लागली. एका दुपारी ती अक्कलकोटकडच्या कालव्याच्या नकाशात अडकली. कुणाला काही न विचारता तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. युवराज पलीकडच्या टेबलाखाली तारा ओढत होता. त्याला आवाज लगेच ओळखू आला.

"तो फाटा चढावर कसा जाईल गं? पातळ्या बघ की. एकशे चौदा नंबरच्या खुणेपाशी जमीन खाली बसलीय, तिथून वळव. आणि तो रस्ता जुन्या मोजणीतला आहे, तो आधी पुस. हां. आता कसं दिसतंय?"

"दिसतंय ताई! बरोबर बसलं. तुम्ही समोर काही नसताना कसं सांगता हो?"

"सतरा वर्षं काय भाकऱ्या थापत होते का? मीही आता दोघा मोजणीवाल्यांचे नकाशे घेतलेत घरी. शुक्रवारी एक द्यायचाय."

युवराज टेबलाखालून बाहेर आला. उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं, क्षणभर थांबली आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याने मान हलवून नको म्हटलं. मग हात पँटला पुसले आणि फोन घेतला.

"ताई, युवराज बोलतोय."

पलीकडे कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"बोला," वैजयंतीताई म्हणाल्या. "पण लवकर. काम पडलंय माझं."